लडकूशेठच्या गाडीतली दुसरी सीट

गाडीच्या मालकाला गाडी कशी वाटते, हे विचारण्याचा मला पगार मिळत असे. माझ्या आईला हे शेवटपर्यंत पटले नाही. "गाडी त्याची, चालवतो तो, त्याला कशी वाटते ते त्याला ठाऊक. तू कशाला मध्ये?" असे ती म्हणे. मी माणगावच्या बाजूच्या एका खेड्यातला. वडील रस्त्याच्या गँगवर डांबर टाकायचे. घरातला पहिला बी. ए. मीच. शाळेत मास्तर होईन असे सगळे धरून चालले होते, पण शाळांच्या आधी कुरियनसाहेबांनी मला नोकरी दिली, आणि ती मी निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधीच लिहून टाकतो.

कुरियनसाहेबांचे गॅरेज कळंबोली फाट्याजवळ होते. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नवी मुंबई तेव्हा नकाशावर जास्त आणि जमिनीवर कमी होती. इथे रस्ते आधी आले आणि माणसे नंतर. रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ते, आणि त्यांवर एखादी म्हैस. मुंबईतल्या हौशी श्रीमंतांच्या हे लक्षात आले. कुणी वकिलातीच्या लिलावातून, कुणी आखातातल्या मेहुण्याकडून, कुणी बोटीवरच्या अधिकाऱ्याकडून परदेशी बनावटीची दोन दारांची, जमिनीला टेकलेली, लांब नाकाची गाडी मिळवलेली असे. मुंबईत ती पळवायला जागा नाही. मग रविवारी खाडीपूल ओलांडून इकडे यायचे, म्हशीला वळसा घालून गाडी पळवायची आणि सोमवारी ती आमच्याकडे ढकलत आणायची.

गॅरेजमध्ये माझे काम मालकाची तक्रार ऐकून ती कार्डावर लिहिण्याचे. सोपे वाटते, पण नव्हते. मालक म्हणतो, "आज तिचा मूड नाही." मिस्त्रीला मूड दुरुस्त करता येत नाही. त्याला हवे असते की आवाज पुढून येतो की मागून, इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर. आमचे इस्माईलमिस्त्री पनवेलचे, हाताला देवाने गुण दिलेला, पण जिभेला अजिबात नाही. मालक आणि मिस्त्री समोरासमोर आले की गिऱ्हाईक तुटते, हा साहेबांचा अनुभव. "देखो, तुम बीए है ना," साहेब मला म्हणाले होते, "बस, बीच में खडा रहो." मी उभा राहिलो.

गंमत अशी की मला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. मी सायकलने कामावर येत असे. पण त्यामुळे माझे कान स्वच्छ राहिले असे मला वाटते. "कधी?" आणि "कुठे?" या दोन प्रश्नांना मी माझ्या पदरचा तिसरा जोडला होता : "गाडीत बरोबर कोण होतं?" या प्रश्नाला इस्माईलमिस्त्री सुरुवातीला खूप हसले. मग वाशीच्या एका डॉक्टरांची गाडी आली. पायाशी खडखड होते, पण फक्त रविवारी. मिस्त्रींनी गाडी तीनदा खोलली. मी विचारले, "रविवारी बरोबर कोण असतं?" डॉक्टर म्हणाले, "मिसेस." मिसेसना बोलावून शेजारी बसवले आणि एक फेरी मारली. प्रत्येक वळणावर बाई दोन्ही पायांनी फळी दाबून मनातला ब्रेक लावत होत्या. त्यात खालचा बोल्ट ढिला झाला होता. मिस्त्रींनी बोल्ट आवळला आणि बाईंच्या पायाशी कशालाही न जोडलेले एक पेडल बसवून दिले. पुन्हा त्या घरातून तक्रार आली नाही.

दुसरे एक कांदेबटाट्याचे व्यापारी होते. त्यांनी गाडीच्या सीटवरचे कारखान्याचे प्लास्टिक काढले नव्हते. "नवीन राहील," म्हणायचे. अशा गाडीची सगळी मजा वळणावर, आणि वळण आले की शेठजी प्लास्टिकवरून घसरून दारावर आपटत. तक्रार काय, तर गाडी डावीकडे ओढते! मी नम्रपणे प्लास्टिक काढायला सुचवले. त्यांनी प्लास्टिक ठेवले आणि स्वतःला पंच्याने सीटला बांधून घेऊ लागले.

पण सांगायची आहे ती लडकूशेठ घरतांची गोष्ट.

लडकूशेठ उरणच्या वाटेवरच्या एका खाडीकाठच्या गावचे आगरी गृहस्थ. भातशेती होती, ती शहरासाठी संपादनात गेली आणि त्या पैशातून त्यांनी ही गाडी घेतली. लालभडक, दोन माणसांची. मागे पिशवी ठेवण्यापुरती फळी. गाडीच्या नाकावर नारळ फोडल्याची खूण आणि आरशाला झेंडूची माळ. दार उघडले तरी लडकूशेठ बाहेर यायला वेळ लागे. आधी एक पाय येई, मग पोट, मग बऱ्याच वेळाने लडकूशेठ.

"काय तक्रार आहे, शेठ?" मी विचारले.

"बाजूची सीट बरोबर नाय, मास्तर." मी बी. ए. आहे म्हटल्यावर त्यांनी मला मास्तर करून टाकले होते.

"काय होतं सीटला?"

"काय व्हत नाय. कोन बसतच नाय तिच्यावर."

मी माझा तिसरा प्रश्न विचारलाच नाही. त्याचे उत्तरच तक्रार म्हणून आले होते. बसत नव्हती ती त्यांची बायको, सुंद्राबाई. गावातली पोरे बसून झाली, पोलीसपाटील बसले, देवीचा भगतही बसून आला. सुंद्राबाई गाडीकडे पाठ करून अंगण झाडत.

"का बसत नाहीत?"

"आवाज लई करते म्हनते."

मिस्त्रींनी सायलेन्सर बदलून आवाज बसवला. इतक्या जोरदार गाडीचा आवाज बसवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. पुढच्या आठवड्यात लडकूशेठ परत. आता दार जड आहे. दाराची बिजागरी हलकी केली. पुन्हा परत. आता सीट खोल आहे, तिरडीवर झोपल्यासारखे वाटते. "आता सीट वर उचला, मास्तर. तिनं बसलं पायजे. मना दुसरा काय नको. नवीन रस्त्याखाली आमची खाचरं गेली. एकदा तिला बाजूला बसवून त्यावरनं गाडी पलवायची हाय. आपल्याच शेतान!" हे सांगताना त्या आडदांड माणसाचा चेहरा जत्रेला निघालेल्या पोरासारखा झाला होता.

सीटचे काम चालू असतानाच एक भानगड झाली. लडकूशेठ गाडी घेऊन आले आणि गाडीच्या मागोमाग मांजरे आली. एक नाही, फाट्यावरची सगळी. मिस्त्री गाडीखाली सरकले, तर मांजरेही त्यांच्याबरोबर खाली सरकली. वास असा की साहेब केबिनमधून रुमाल धरून बाहेर आले. "ये गॅरेज है या मच्छी मार्केट?"

"शेठ, गाडीला काय लावलंत?" मी विचारले.

"मुशी माशाचं तेल," लडकूशेठ अभिमानाने म्हणाले. "खाडीची हवा लोखंड खाते. आमी होडीला लावतो तसंच खालून दोन हात मारले."

"होडी पाण्यात असते, शेठ. पाण्यात मांजरं येत नाहीत."

"त्ये बाकी खरा," लडकूशेठ विचारात पडले. "म्हनूनच ती आता म्हनते, वास मारते."

रॉकेलने धुतले, साबणाने धुतले, चिंचेच्या पाण्याने धुतले. वास जरा कमी झाला, मांजरे राहिली. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने आपल्या पांढऱ्या गाडीच्या टपावर मांजरांची सभा भरलेली पाहिली आणि तो गाडी दुसरीकडे घेऊन गेला. तेव्हा साहेबांनी मला बोलावले आणि शांतपणे सांगितले की लडकूशेठची सीट त्यांच्या घरी नेऊन बसवा, ती गाडी पुन्हा इथे नको.

अशा रीतीने मी आणि इस्माईलमिस्त्री एका सकाळी लोखंडी चौकटीवर वीतभर उंच केलेली सीट टेम्पोत घालून त्यांच्या गावी गेलो. पूर्वी भाताची कणगी असे त्या पडवीत गाडी उभी होती. मिस्त्री कामाला लागले. सुंद्राबाईंनी मला चहा दिला. ठेंगण्या, काटक, चापूनचोपून लुगडे नेसलेल्या. त्यांचे माहेर कोळ्यांच्या शेजारचे, वडिलांची मिठाची होडी. त्या मला परक्या वाटल्या नाहीत. माझ्या आईसारखीच त्यांच्याही बोटांची पेरे भाताच्या आवणीच्या चिखलाने कायमची फुगलेली होती. सवयीने मी विचारले, "मावशी, गाडीत बसायला नेमका त्रास कसला?"

त्यांनी एकदा पडवीकडे पाहिले.

"मास्तर, माज्या शेतान मी कदी चप्पल घालून उतरले नाय. बांधावर पाया परायचे, मग पाय टाकायचे. त्या शेताची यांनी ही गाडी केलीन. आता तिच्यावर ढुंगान टेकून बसू?"

माझ्या कार्डावर हे लिहायला जागा नव्हती. आवाज, दार, उंची, वास, सगळे आम्ही दुरुस्त करत बसलो होतो. पडवीतून लडकूशेठचा मोठ्याने आवाज आला, "वा! सीट झाली बग राजाची गादी!" त्यांनी बोलणे ऐकले होते हे त्या आवाजावरूनच कळत होते.

"बस जरा, सुंद्रे. नुसती बस. गाडी चालू करत नाय."

"तुमी बसा. तुमाला शोबते."

लडकूशेठनी सीटवरून एकदा हात फिरवला. मग मला म्हणाले, "चला मास्तर, तुमीच बसून बगा. एक फेरी मारून येऊ." मी उंच सीटवर बसलो. डोके छताला लागले. मिस्त्री मागच्या फळीवर घडी घालून बसले. गावचा रस्ता पाइपासाठी खणला होता, म्हणून लडकूशेठनी गाडी खारबांधावर घातली. खारबांध म्हणजे खाडीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध, बैलगाडीपुरता रुंद. एका बाजूला उरलीसुरली शेते, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल. मी म्हटले, "शेठ, जरा सांभाळून." लडकूशेठचे लक्ष माझ्या बोलण्याकडे नव्हते. त्यांचे डोळे भरले होते, आणि भरल्या डोळ्यांना बांधाचा काठ नीट दिसत नाही. उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेच्या, अलीकडे मागचे चाक घसरले. गाडी हळूच, लाजल्यासारखी, खाडीच्या बाजूला कलली आणि बांधाच्या उतारावर चिखलात रुतली.

आम्ही दाराने, खिडकीने, जमेल तिथून वर आलो. कुणाला खरचटलेसुद्धा नव्हते. पण त्या दिवशी अमावास्या होती आणि दुपार होत आली होती. या दिवशी खाडीला उधाण दुपारी येते. समोर चिखलातून पाण्याची जीभ सरकत येताना दिसत होती.

"जॅक?" मी मिस्त्रींना विचारले.

"चिखलात जॅक लावला तर गाडी राहील तिथंच आणि जॅक जाईल खाली," मिस्त्री म्हणाले. "माणसं पाहिजेत. पुष्कळ."

लडकूशेठनी पाण्याकडे पाहिले, गाडीकडे पाहिले. मग बांधावर चढून दोन्ही हात तोंडाशी धरले आणि गावाच्या दिशेने ओरडले, "खांड गेली रेऽऽऽ! खांड गेलीऽऽऽ!"

"अरे अल्ला," मिस्त्री म्हणाले.

बांध फुटून खाडी शेतात शिरते, त्याला त्या भागात खांड जाणे म्हणतात. एकदा खारे पाणी शिरले की दोनतीन वर्षे तिथे भाताचे रोप धरत नाही. म्हणून ही हाक आली की कुणी कुणाला काही विचारत नाही. जेवणारा ताटावरून उठतो, भांडणारा भांडण टाकून पळतो. आणि म्हणूनच ही हाक खोटी कुणी देत नाही. माझ्या डोळ्यांसमोर गाव रिकामे झाले. फावडी, घमेली, पेंढ्याच्या गुंड्या, फळ्या, दोर घेऊन माणसे बांधावरून धावत आली. सगळ्यांच्या पुढे, लुगड्याचा काचा खोवून, डोक्यावर मातीने भरलेले घमेले घेऊन सुंद्राबाई धावत होत्या. ज्यांचे एकही शेत आता त्या बांधाआड उरले नव्हते, त्या.

त्या आल्या आणि थांबल्या.

"कुठाय खांड?"

लडकूशेठ खाली बघून म्हणाले, "ही."

जे काही ऐकायला मिळाले ते मी छापू शकत नाही. शिव्या देण्यात पुढे होता लडकूशेठचा धाकटा भाऊ नामा. शेत होते तोवर दोघांची बांधाच्या वीतभर जागेवरून कोर्टकचेरी चालली होती, आणि शेत गेले तरी अबोला चालू होता. लडकूशेठशी न बोलता तो गाडीशी बोलला. "काय गं, भवाने, तुला बुडायला आमचाच बांध गावला?" पण बोलता बोलता त्याने दोर खांद्यावरून काढला होता. गाव हसत होते, शिव्या देत होते आणि लुगडी-धोतरे वर खोचत होते.

"जाऊ दे खाडीला," सुंद्राबाई म्हणाल्या. घमेले अजून डोक्यावरच होते. "नकोच ती."

लडकूशेठ पोटरीएवढ्या चिखलात उतरून गाडीच्या मागच्या चाकाला खांदा लावून उभे होते. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागले. त्यांनी मान वर केली.

"सुंद्रे, मना अक्कल नाय. तुला इचारल्याबिगर घेतली. पन तुजी वरली खाचर आता एवढीच उरलीय बग. हिलाबी खारं पानी लागू देतंस?"

सुंद्राबाईंनी घमेले उतरवून माती चाकाखाली ओतली.

मग मी जे पाहिले ते कुठल्या गॅरेजात शिकवत नाहीत. होडी काठावर ओढतात तशी त्या लोकांनी गाडी ओढायला घेतली. खाली फळ्या, फळ्यांवर ओंडके, दोन दोर पुढून, खांदे मागून. पण होडीला सुकाणूवर माणूस लागतो, तसा इथे स्टिअरिंगवर हवा होता. लडकूशेठ बसले तर गाडी आणखी रुतली असती. मिस्त्री चाकाखाली होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

"मास्तर, तुमी हलके. बसा."

मी बसलो. "खाडीच्या अंगाला फिरव!" नामा ओरडला. आठ वर्षे मी या गाड्यांची सुखदुःखे लिहीत होतो, पण स्टिअरिंग पहिल्यांदाच हातात आलेले. घाबरून मी ते बांधाच्या अंगाला फिरवले. चाक फळीवरून उतरले, गाडी हातभर खाली गेली आणि सगळ्या गावाने एकदमच माझ्या शिक्षणाचा उद्धार केला.

"उतर रे, बाला," जवळून आवाज आला. सुंद्राबाई दारात उभ्या होत्या. पाय चिखलाने माखलेले. त्यांनी खाली वाकून गाडीच्या उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आत बसल्या. डोके छताच्या बरेच खाली होते.

स्टिअरिंग धरून त्यांनी विचारले, "हे होडीवानी उलटं का सुलटं?"

"सुलटं, वयनी," चाकाखालून मिस्त्री म्हणाले. "जिकडं फिरवाल तिकडं जाईल."

"मंग सोपं हाय. ओढा रे!"

"हैऽसा!" गावाने दम भरला. गाडी हलली. "हैऽसा!" सुंद्राबाई समोरच्या चाकाकडे नजर लावून वीत वीत फिरवत होत्या, आणि तोंडाने नवऱ्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना सूचना देत होत्या. पाणी बंपरला लागता लागता गाडी बांधावर चढली. एकच ओरडा झाला. नामा दोर गुंडाळत भावाला म्हणाला, "पुन्हा खांड गेली म्हनून वरडलास, तर तुलाच खांडीत भरीन." इतक्या वर्षांत तो भावाशी बोललेला हा पहिला शब्द असावा. लडकूशेठ चिखलाच्या मूर्तीसारखे उभे राहून हसत होते.

मिस्त्रींनी इंजिन पुसून चालू करून दिले. सुंद्राबाई उतरल्या नाहीत. फक्त सरकून शेजारच्या उंच सीटवर बसल्या.

"चला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "दाखवा कवर पलवता ते."

लडकूशेठ आत शिरले. मिस्त्रींनी हात जोडून मागच्या फळीला नकार दिला, म्हणून गॅरेजची जबाबदारी मानून मी तिथे घडी घालून बसलो. त्यामुळेच पुढचे मला सांगता येते.

गाडी बांधावरून नव्या रस्त्यावर आली. काळा, सरळ, रिकामा रस्ता. लडकूशेठनी एकदा बायकोकडे पाहिले आणि पाय दाबला. गाडी झेपावली. माझे डोके मागच्या काचेवर आपटले.

"थांबा!" सुंद्राबाई म्हणाल्या.

गाडी रस्त्याच्या मध्येच थांबली. त्यांनी काच खाली केली. डावीकडे देवळाचा कळस पाहिला, उजवीकडे दूरच्या डोंगराची खिंड पाहिली. दोन्हींची मनातल्या मनात रेघ जुळवली.

"हितून लागली," त्या म्हणाल्या. "वरली खाचर. आता हलू."

लडकूशेठनी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली. ती एवढी मोठी लाल गाडी नांगराच्या बैलांच्या चालीने निघाली. मागून एक ट्रक आला, त्याने भोंगा वाजवला, वाजवून वाजवून कंटाळला आणि शिवी देऊन बाजूने गेला. लडकूशेठनी वेग वाढवला नाही. सुंद्राबाईंचा हात खिडकीबाहेर होता, रोपांच्या शेंड्यांवरून फिरवावा तसा. पुढे एक लहानशी मोरी आली. तिथे त्यांनी हात आत घेतला, पदर डोक्यावर नीट केला आणि काच वर केली.

"हितं आपलं संपलं," त्या म्हणाल्या. "पुढं नामाचं हाय. आता पलवा कितीबी."